अंदाजाचे, वैयक्तिक, व्यक्तिनिष्ठ : २७ फेब्रुवारी १९६८ च्या एका निवेदनाचा प्रकरण अभ्यास

२७ फेब्रुवारी १९६८ च्या मंगळवारी रात्री दहा वाजता अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने व्हिएतनाम युद्धावरचा एक विशेष वृत्तकार्यक्रम प्रसारित केला. वार्तांकनाचा भाग संपल्यावर निवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी प्रेक्षकांना सांगितले की, यापुढे जे मांडणार आहोत ते विश्लेषण असून ते अंदाजाचे, वैयक्तिक आणि व्यक्तिनिष्ठ असणार आहे. त्यानंतर काही मिनिटांत त्यांनी युद्ध कोंडीत सापडल्याचा निष्कर्ष मांडला, वाटाघाटींची शिफारस केली आणि आपल्या देशाच्या नेत्यांच्या आशावादावर आता विश्वास ठेवता येत नाही, असे स्पष्ट शब्दांत म्हटले.

पत्रकारितेच्या वर्गांत हा प्रसंग बहुधा शेवटाकडून सांगितला जातो. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तो कार्यक्रम पाहिला, दूरचित्रवाणी संच बंद केला आणि ‘क्रॉन्काइट हातचा गेला, म्हणजे सामान्य अमेरिकी माणूस हातचा गेला’ अशा अर्थाचे उद्गार काढले; पुढे पाच आठवड्यांतच त्यांनी निवडणूक न लढवण्याची घोषणा केली, अशी ती कथा आहे. ऐकणाऱ्याला ती आवडते, आणि आम्हा बातमीच्या धंद्यातल्या लोकांना तर फारच आवडते, कारण तिच्यात एक पत्रकार सत्ताधीशाला नमवतो. या कथेपेक्षा तिच्या आधीचे तीन आठवडे आणि निवेदनातील मोजकी वाक्ये अधिक शिकवणारी आहेत, असे माझे मत आहे. त्या कथेची तपासणीही पुढे करायची आहे, कारण बातमीची जबाबदारी या विषयावर लिहिताना तिलाच सूट देता येणार नाही.

माणूस आणि त्याची सवय

१९१६ साली जन्मलेले क्रॉन्काइट हे वृत्तसंस्थेच्या मुशीत घडलेले बातमीदार होते. दुसऱ्या महायुद्धात युनायटेड प्रेससाठी काम करताना ते बॉम्बफेकी विमानातून जर्मनीवरच्या हल्ल्यात गेले होते, युद्धानंतर त्यांनी न्यूरेंबर्गच्या खटल्याचे वार्तांकन केले आणि पुढे मॉस्कोतही काम केले. १९५० मध्ये ते सीबीएसमध्ये आले आणि एप्रिल १९६२ पासून तिथल्या संध्याकाळच्या बातमीपत्राचे निवेदक झाले. वृत्तसंस्थेत काम केलेल्या माणसाला एक शिस्त अंगवळणी पडते. त्याची बातमी वेगवेगळ्या मतांच्या शेकडो वृत्तपत्रांना जाणार असते, त्यामुळे तिच्यात स्वतःचे मत घालायला जागाच नसते. क्रॉन्काइट यांनी ही शिस्त दूरचित्रवाणीवर आणली.

ती शिस्त किती खोल होती हे २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दिसले. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर डॅलस येथे गोळीबार झाल्यानंतर सीबीएसच्याच बातमीदाराकडून मृत्यूची खबर आली होती. क्रॉन्काइट यांनी ती प्रेक्षकांना सांगितली. पण अधिकृत दुजोरा अद्याप मिळालेला नाही, हेही प्रत्येक वेळी सोबत सांगितले. वृत्तसंस्थेची तातडीची तार हाती आली तेव्हाच त्यांनी मृत्यू झाल्याचे निश्चित स्वरूपात जाहीर केले, आणि त्या वाक्यातही ‘वरकरणी अधिकृत’ अशा अर्थाचे शब्द होते. चष्मा काढून घड्याळाकडे पाहणारी त्यांची मुद्रा लोकांच्या लक्षात राहिली. माझ्या लक्षात राहतात ते हे शब्द.

व्हिएतनाम आणि हे बातमीपत्र यांचा संबंधही जुना होता. २ सप्टेंबर १९६३ रोजी सीबीएसचे संध्याकाळचे बातमीपत्र पंधरा मिनिटांवरून तीस मिनिटांचे झाले, त्या पहिल्याच दिवशी क्रॉन्काइट यांनी घेतलेली केनेडी यांची मुलाखत दाखवण्यात आली. शेवटी हे युद्ध व्हिएतनामी लोकांचे आहे, ते जिंकायचे की हरायचे हे त्यांच्याच हाती आहे, असे केनेडी त्या मुलाखतीत म्हणाले होते. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, क्रॉन्काइट स्वतः व्हिएतनामला जाऊन आले आणि लष्कराच्या तयारीने प्रभावित होऊन परतले. ही गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. १९६८ मध्ये बोलणारा माणूस युद्धाचा जुना विरोधक नव्हता. सरकारी बाजूवर त्याने बराच काळ विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासाचा हिशेब त्याला प्रेक्षकांसमोर द्यायचा होता.

नेत्यांचे सांगणे

१९६७ च्या उत्तरार्धात अमेरिकेचे सुमारे पाच लाख सैनिक दक्षिण व्हिएतनाममध्ये होते आणि युद्धाबद्दलची नाराजी वाढत होती. ती थोपवण्यासाठी जॉन्सन प्रशासनाने प्रगतीच्या बातम्या लोकांपर्यंत पोहोचवण्याची मोहीमच हाती घेतली. तिथल्या अमेरिकी फौजांचे सेनापती विल्यम वेस्टमोरलँड यांना मायदेशी बोलावून घेण्यात आले. २१ नोव्हेंबर १९६७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यांनी सांगितले की, १९६५ मध्ये शत्रू जिंकत होता, पण आज तो हरतो आहे याची आपल्याला पूर्ण खात्री आहे, आणि युद्धाचा शेवट आता दृष्टिपथात येऊ लागला आहे.

दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन इथल्या पत्रकारांना अशा दाव्यांची सवय होती. तिथे रोज संध्याकाळी होणाऱ्या लष्करी वार्ताहर बैठकीला त्यांनी ‘पाच वाजताचा तमाशा’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते, कारण तिथले आकडे आणि त्यांनी दिवसभर डोळ्यांनी पाहिलेले यांचा मेळ बसत नसे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑगस्ट १९६७ मध्येच युद्ध कोंडीत सापडल्याची चिन्हे मांडणारा सविस्तर वृत्तांत दिला होता. सीबीएसलाही सत्ताधाऱ्यांच्या रोषाचा अनुभव होता. ऑगस्ट १९६५ मध्ये तिचे बातमीदार मॉर्ली सेफर यांनी काम ने या खेड्यातील झोपड्या अमेरिकी सैनिक पेटवत असल्याची चित्रफीत पाठवली आणि ती क्रॉन्काइट यांच्या बातमीपत्रात दाखवली गेली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांचा संताप थेट वाहिनीच्या प्रमुखापर्यंत पोहोचला होता.

मग ३० आणि ३१ जानेवारी १९६८ च्या दरम्यान, व्हिएतनामी चांद्र नववर्षाच्या म्हणजे तेतच्या सणात, उत्तर व्हिएतनामचे सैन्य आणि व्हिएतकाँग (दक्षिणेतील कम्युनिस्ट बंडखोर) यांच्या सुमारे ८०,००० सैनिकांनी दक्षिणेतील शंभराहून अधिक शहरांवर व गावांवर एकाच वेळी हल्ला चढवला. एकोणीस जणांची एक तुकडी सायगॉनमधील अमेरिकी दूतावासाच्या आवारात घुसली. सुमारे सहा तास चकमक चालली आणि तीत पाच अमेरिकी सैनिक मारले गेले. त्याच सकाळी आवारात ढिगाऱ्यांमध्ये उभे राहून वेस्टमोरलँड यांनी शत्रूचा डाव फसल्याचे वार्ताहरांना सांगितले.

इथे बातमीदारांच्या बाजूचीही एक चूक नोंदवली पाहिजे. हल्लेखोर दूतावासाच्या मुख्य इमारतीत शिरले असल्याचे पहिल्या काही बातम्यांत आले होते. प्रत्यक्षात ते आवारातच अडवले गेले होते. चुकीची बातमी आधी पोहोचली, दुरुस्ती मागाहून आली. इमारत आणि आवार यांतला फरक दूर बसलेल्या वाचकाला किरकोळ वाटेल, पण युद्धात एका देशाचा दूतावास शत्रूच्या हाती पडला की पडला नाही, हा प्रश्न किरकोळ नसतो. सरकारच्या दाव्यांवर अविश्वास दाखवणाऱ्या पत्रकाराने स्वतःच्या बातमीला तीच कसोटी लावायला हवी होती.

संपादकीय पेच

आता क्रॉन्काइट आणि त्यांच्या वरिष्ठांसमोर काय पर्याय होते ते पाहू. तीन महिन्यांपूर्वी देशाचा सेनापती शत्रू हरतो आहे असे सांगतो, आणि आता तोच शत्रू राजधानीत लढतो आहे. नेहमीच्या पद्धतीने बातमी द्यायची तर एका बाजूला हल्ल्यांची दृश्ये आणि दुसऱ्या बाजूला ‘हा आमचा विजय आहे’ हे अधिकाऱ्यांचे विधान, अशी मांडणी झाली असती. दोन्ही बाजू दिल्याचे समाधान मिळाले असते. पण प्रेक्षकाच्या मनातील प्रश्न जिथल्या तिथेच राहिला असता. रोज रात्री आपल्या घरात येऊन ‘हे असे आहे’ असे म्हणत निरोप घेणाऱ्या माणसाकडून त्याला जाणून घ्यायचे होते की, यातले खरे काय.

दुसरा मार्ग सोपा आणि धोक्याचा होता. रोजच्या बातमीपत्रातच स्वर बदलायचा, शब्दांची निवड तिखट करायची, भुवया उंचावायच्या आणि मत न सांगता मत पोहोचवायचे. या मार्गावर निवेदकाला कोणी जाब विचारू शकत नाही, कारण त्याने काही ‘म्हटलेले’च नसते. माझ्या दृष्टीने वृत्तप्रसारणातील सर्वांत मोठी बेजबाबदारी हीच आहे. उघड मत खोडून काढता येते. सुरात मिसळलेले मत प्रेक्षकाला ओळखूच येत नाही.

त्या काळी अमेरिकेतील प्रसारकांवर कायद्याचेही एक बंधन होते. प्रसारणाच्या ध्वनिलहरी (रेडिओ लहरी) ही सार्वजनिक मालमत्ता असून परवानाधारकाने वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर वेगवेगळ्या बाजूंना न्याय्य स्थान दिले पाहिजे, हे तत्त्व संघीय संचार आयोगाने १९४९ पासून लागू केले होते आणि ते १९८७ पर्यंत टिकले. वृत्तपत्राला अग्रलेखाचे पान असते, तिथे मत मांडायला कोणाची हरकत नसते. दूरचित्रवाणीच्या बातमीपत्राला असे वेगळे पान नव्हते. ते तयार करावे लागणार होते.

सीबीएस न्यूजचे प्रमुख रिचर्ड सॅलंट यांच्या संमतीने तिसरा मार्ग ठरला. क्रॉन्काइट यांनी स्वतः व्हिएतनामला जायचे, पाहायचे, विचारायचे, आणि परत आल्यावर रोजच्या बातमीपत्राबाहेर एक स्वतंत्र कार्यक्रम करायचा. त्यात निष्कर्ष मांडायचा असेल तर तो आपला आहे हे सांगून मांडायचा. वर्षानुवर्षे जपलेली तटस्थतेची पुंजी पणाला लागणार होती आणि याची जाणीव दोघांनाही होती.

पाहणी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात क्रॉन्काइट सायगॉनला निघाले. निर्माते अर्नेस्ट लायझर त्यांच्यासोबत होते. तिथे ते वेस्टमोरलँड यांना भेटले आणि तेतचा हल्ला हा शत्रूचा मोठा पराभव असल्याची त्यांची बाजू ऐकून घेतली. नंतर ते ह्वे या जुन्या राजधानीच्या शहरात गेले. तिथली लढाई संपत आली आहे असे अधिकारी सांगत होते, आणि अमेरिकी मरीन दलाचे सैनिक मात्र अजून घराघरांतून लढत होते. ती लढाई जवळजवळ महिनाभर चालली. ह्वेतून क्रॉन्काइट ज्या हेलिकॉप्टरने बाहेर पडले त्यात बारा मरीन सैनिकांचे मृतदेह होते.

फू बाय येथील तळावर ते वेस्टमोरलँड यांचे दुय्यम सेनापती क्रेटन एब्रम्स यांनाही भेटले. एब्रम्स महायुद्धापासून ओळखीचे होते आणि अधिक मोकळेपणाने बोलणारे होते. म्हणजे या पाहणीत सर्वोच्च अधिकारी, त्याचा दुय्यम, आघाडीवरचे सैनिक आणि तिथे वर्षानुवर्षे काम करणारे वार्ताहर या सर्वांशी बोलणे झाले. सरकारी बाजू तिच्या सर्वांत अधिकारी व्यक्तीच्या तोंडून ऐकली, आणि तिची पडताळणी पायी जाऊन केली. प्रकरणाचा हा भाग वर्गात एका वाक्यात उरकला जातो. मला विचाराल तर निवेदनाला जे वजन आले ते इथून आले. स्टुडिओत बसून तेच शब्द उच्चारले असते तर ती आणखी एका प्रसिद्ध माणसाची टिप्पणी ठरली असती.

निवेदनाची वाक्ये

शेवटच्या निवेदनाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. क्रॉन्काइट यांनी आधी तेतच्या लढाईत कोण जिंकले आणि कोण हरले, याबद्दल आपण ठामपणे सांगू शकत नाही असे म्हटले. मग एकेका आघाडीचा हिशेब मांडला. त्यानंतर नेत्यांवरचे वाक्य आले: व्हिएतनाममधील आणि वॉशिंग्टनमधील अमेरिकी नेत्यांच्या आशावादाने आपली इतक्या वेळा निराशा केली आहे की, गडद ढगांना त्यांना दिसणारी रुपेरी कड आता विश्वास ठेवण्यासारखी राहिलेली नाही.

या वाक्यात कोणत्याही नेत्याचे नाव नाही. नेते हेतुपुरस्सर खोटे बोलले, असाही आरोप नाही. हेतू सिद्ध करण्याइतका पुरावा त्यांच्याजवळ नव्हता, म्हणून हेतूबद्दल ते बोलले नाहीत. त्यांच्याजवळ नोंद होती ती विधानांची आणि त्यानंतर घडलेल्या घटनांची. तेवढीच त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. नेत्यांविषयी बोलताना पत्रकाराने कुठे थांबावे याचा इतका चांगला नमुना मला क्वचितच सापडला आहे.

पुढची तीन वाक्ये तराजूसारखी तोललेली आहेत. विजय जवळ आला म्हणणे म्हणजे यापूर्वी चुकलेल्या आशावाद्यांवर पुराव्याविरुद्ध विश्वास ठेवणे. पराभवाच्या कड्यावर आहोत म्हणणे म्हणजे अवाजवी निराशेला शरण जाणे. आपण कोंडीत रुतलो आहोत, हाच एकमेव वास्तववादी, तरीही असमाधानकारक निष्कर्ष दिसतो. या मांडणीत युद्धविरोधी चळवळीलाही तिला हवे ते मिळाले नव्हते. तत्काळ माघारीची मागणी निवेदनात नाही. विजेते म्हणून नव्हे, तर लोकशाहीच्या रक्षणाचा शब्द पाळणारे आणि आपल्याकडून होईल तेवढे करणारे सन्माननीय लोक म्हणून वाटाघाटी कराव्यात, हाच विवेकाचा मार्ग उरेल, असे ते म्हणाले. आणि तेही ‘या बातमीदाराला अधिकाधिक स्पष्ट होत आहे’ अशा शब्दांत. मत देताना त्यांनी स्वतःला बातमीदार म्हटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रेक्षकांशी असलेले आपले नाते कोणते आहे, याची ती आठवण होती.

कथेची पडताळणी

आता राष्ट्राध्यक्षांच्या त्या प्रसिद्ध उद्गारांकडे वळू. कार्यक्रम प्रसारित होत होता त्या संध्याकाळी जॉन्सन टेक्सासमध्ये होते आणि ऑस्टिन येथे गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या ५१ व्या वाढदिवसाच्या समारंभाला उपस्थित होते. म्हणजे प्रसारणाच्या वेळी संचासमोर बसून तो पाहण्याची आणि तो बंद करण्याची शक्यता उरत नाही. नंतर त्यांनी ध्वनिचित्रफीत पाहिली असावी असे म्हणता येईल, पण तसा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. उद्गारांचे शब्दही ठरलेले नाहीत. कुठे ‘सामान्य अमेरिकी माणूस’, कुठे ‘देश’, तर कुठे ‘युद्ध’ हातचे गेल्याचे लिहिलेले आढळते. ज्या वाक्याच्या तीन-चार आवृत्त्या फिरतात आणि जे कोणी, कोणासमोर, केव्हा उच्चारले हे सांगता येत नाही, ते आमच्यापैकी कोणीही रात्रीच्या बातमीपत्रात जाऊ दिले नसते. आमच्या व्यवसायाच्या गौरवाचे होते म्हणून ते वर्षानुवर्षे जाऊ दिले.

कार्यक्रमाने जनमत फिरवले, हा दाव्याचा दुसरा भागही तपासावा लागतो. गॅलप संस्थेच्या ऑक्टोबर १९६७ च्या पाहणीत, म्हणजे तेतच्या आणि या निवेदनाच्याही आधी, सैन्य पाठवणे ही चूक होती असे मानणाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांपर्यंत गेले होते. ऑगस्ट १९६५ मध्ये ते २४ टक्के होते. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने, जे काही युद्धविरोधी पत्र नव्हते, २३ फेब्रुवारी १९६८ च्या अग्रलेखात, म्हणजे चार दिवस आधीच, व्हिएतनाममधील सारा खटाटोप कदाचित फसणार आहे हे स्वीकारण्याची तयारी लोकांनी ठेवावी, असे लिहिले होते. वारा आधीच फिरला होता, आणि क्रॉन्काइट त्या वाऱ्यात उशिरा, पण पूर्ण तयारीने उभे राहिले.

जॉन्सन यांच्या वागण्यातही तत्काळ बदल दिसत नाही. १८ मार्च रोजी मिनियापोलिस येथील भाषणात ते युद्ध जिंकण्यासाठी संपूर्ण राष्ट्राने प्रयत्न करावेत, असे आवाहन करत होते. त्यांचा निर्णय बदलण्यामागे बरीच कारणे एकत्र आली. १० मार्चला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आणखी २,०६,००० सैनिकांची मागणी झाल्याची बातमी फोडली. १२ मार्चच्या न्यू हॅम्पशायर येथील पक्षांतर्गत निवडणुकीत जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातील युद्धविरोधी प्रतिस्पर्धी युजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली. १६ मार्चला जॉन केनेडी यांचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी हेही उमेदवारीसाठी मैदानात उतरले. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांनी युद्धाचा हिशेब नव्याने मांडला, आणि मार्चअखेरीस ज्येष्ठ सल्लागारांच्या बैठकीत माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांच्यासारख्या जुन्या समर्थकांनीही आता मागे वळावे, असे सांगितले. ३१ मार्चला जॉन्सन यांनी बॉम्बफेक अंशतः थांबवत असल्याचे आणि पुन्हा उमेदवारी घेणार नसल्याचे जाहीर केले. युद्ध मात्र थांबले नाही. पॅरिसचा करार जानेवारी १९७३ मध्ये झाला. या युद्धात मरण पावलेल्या ५८,००० हून अधिक अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक या निवेदनानंतर मेले; व्हिएतनामी माणसे किती मेली याचा तर हिशेबही धड लागलेला नाही.

खुद्द क्रॉन्काइट यांनी नंतर मागे वळून पाहताना आपल्या निवेदनाची गणना राष्ट्राध्यक्षांच्या पाठीवरच्या वाढत्या ओझ्यातील आणखी एक काडी, एवढीच केली होती. त्यांना मिळालेल्या ‘अमेरिकेतील सर्वांत विश्वासार्ह माणूस’ या बिरुदाचीही गोष्ट अशीच आहे. ते १९७२ च्या एका पाहणीतून आले, आणि तीत त्यांची तुलना इतर पत्रकारांशी नव्हती, राजकीय नेत्यांशी होती. नेत्यांवरचा विश्वास किती उतरला होता याचे ते माप अधिक होते.

आक्षेप

या प्रकरणावर दोन गंभीर आक्षेप आहेत, आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिला लष्करी आहे. तेतच्या हल्ल्यात व्हिएतकाँगची अपरिमित हानी झाली, ज्या सार्वत्रिक उठावाची त्यांना अपेक्षा होती तो झाला नाही, आणि जिंकलेली जवळजवळ सर्व ठिकाणे त्यांना सोडावी लागली. त्यामुळे पत्रकारांनी शत्रूच्या पराभवाला अमेरिकेचा पराभव म्हणून रंगवले, असे म्हटले जाते. इतर वार्तांकनाबद्दल या म्हणण्यात बरेच तथ्य आहे, पण क्रॉन्काइट यांच्या निवेदनाला ते लागू पडत नाही. त्यांनी पराभव म्हटलेच नव्हते. शिवाय त्याच २७ फेब्रुवारीच्या तारखेचा एक गोपनीय अहवाल आता उपलब्ध आहे. संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष अर्ल व्हीलर यांनी व्हिएतनामहून परतल्यावर तो राष्ट्राध्यक्षांसाठी तयार केला होता. तेतच्या वेळी बऱ्याच ठिकाणी प्रसंग अगदी थोडक्यात निभावला, असे त्यात म्हटले होते, आणि अधिक सैन्याची ती मोठी मागणीही त्यातच होती. म्हणजे देशातील सर्वोच्च सेनाधिकारी बंद दाराआड जे लिहीत होता, ते बातमीदाराने त्या रात्री उघडपणे सांगितलेल्या गोष्टीपेक्षा फारसे वेगळे नव्हते. नेत्यांची जाहीर विधाने तेवढी वेगळी होती.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. क्रॉन्काइट यांच्या मृत्यूनंतर, २०१२ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रात असे नोंदवले आहे की, या दौऱ्यानंतर ते रॉबर्ट केनेडी यांना खासगीत भेटले आणि त्यांनी जॉन्सन यांच्याविरुद्ध उभे राहावे, असा आग्रह धरला. हे तसेच घडले असेल तर त्या रात्री काळजीपूर्वक आखलेली रेघ त्यांनी स्वतःच ओलांडली. निवेदनात मांडलेले मत प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होते, ते पारखून घेण्याची संधी त्यांना होती. खासगी भेटीतला सल्ला मात्र कोणालाच दिसला नाही, आणि तो देणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच नेत्याच्या बातम्या सांगणार होता. अढळ खात्री पटलेल्या माणसालाही बातमीदार म्हणून हा सल्ला देण्याचा अधिकार नाही, असे मी मानतो. आणि ज्यांच्याबद्दल मला एवढा आदर आहे त्यांच्याविषयी हे लिहिताना मला वाईट वाटते.

एक छोटा उपप्रश्नही आहे. एका निवेदकाच्या शब्दाला इतके वजन असावे का? त्या काळात अमेरिकेत तीनच मोठ्या वाहिन्या होत्या आणि कोट्यवधी लोक एकाच वेळी एकच बातमी पाहत. ती परिस्थिती आज कुठेच राहिलेली नाही, म्हणून या प्रश्नावर इथे अधिक रेंगाळत नाही.

शिकागो, १ एप्रिल

उमेदवारी नाकारल्यानंतर दुसऱ्याच दिवशी जॉन्सन शिकागोला गेले आणि प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेपुढे बोलले. आदल्या रात्री भाषणाची वाट पाहत कार्यालयात बसलो असताना, दूरचित्रवाणी आठवड्यातून कितीदा हे युद्ध अमेरिकी घरांत आणते याचा विचार मनात आला, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या महायुद्धातील किंवा कोरियातील कठीण लढायांच्या वेळी असे कॅमेरे असते तर काय परिणाम झाला असता, याचा इतिहासकारांना केवळ अंदाजच करता येईल, असेही ते म्हणाले. सार्वजनिक जीवनातील माणसे तुमच्याशी बरोबरी करू शकत नाहीत, कारण तुम्ही दिवसामागून दिवस, तासामागून तास राष्ट्राचा संवाद घडवत असता. स्पष्ट करण्याची शक्ती तुमच्या हातात आहे आणि गोंधळात टाकण्याचीही, असे त्यांनी समोर बसलेल्यांना ऐकवले.

त्या फिरत्या उद्गारांऐवजी हे भाषण वर्गात वाचून दाखवावे, असे मी सुचवतो. ते प्रत्यक्ष उच्चारलेले आहे, त्याची तारीख व ठिकाण नोंदलेले आहे, आणि सत्तेच्या बाजूने केलेली ती प्रामाणिक तक्रार आहे. ते वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांपुढे २७ फेब्रुवारीचे निवेदन ठेवावे आणि विचारावे की, यातले कोणते वाक्य गोंधळात टाकते आणि कोणते स्पष्ट करते. मी स्वतः हा प्रयोग करतो तेव्हा सुरुवातीच्या ‘अंदाजाचे, वैयक्तिक, व्यक्तिनिष्ठ’ या शब्दांपासून सुरुवात करतो, आणि बहुतेक वेळा पहिला तास तिथेच संपतो.